मारेगेचा किनारा आणि पाहुण्याचा अदब

फेब्रुवारी १८०३. ऑस्ट्रेलिया खंडाला संपूर्ण प्रदक्षिणा घालून नकाशा तयार करण्याच्या मोहिमेवर निघालेला इंग्रज नौदल अधिकारी मॅथ्यू फ्लिंडर्स खंडाच्या उत्तर किनाऱ्याशी पोहोचला होता. त्याच्या जहाजाचे नाव ‘इन्व्हेस्टिगेटर’. एका बेटाच्या आडोशाला त्याला सहा अनोळखी गलबते नांगरलेली दिसली. हे चाचे असावेत असे वाटून त्याने आपल्या माणसांना हत्यारे घेऊन सज्ज राहायला सांगितले. प्रत्यक्षात ते व्यापारी खलाशी निघाले. आजच्या इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरच्या मकासर बंदरातून ते आले होते आणि सगळे मुस्लीम होते. त्यांच्या प्रमुखाचे नाव पोबासू. फ्लिंडर्सच्या जहाजावरचा स्वयंपाकी मलय होता, त्याने दुभाष्याचे काम केले.

पोबासूने सांगितले की तो गेल्या वीस वर्षांत सहा-सात वेळा या किनाऱ्यावर आला आहे, आणि या हंगामात एकूण साठ गलबते व सुमारे हजार माणसे किनाऱ्यावर पसरलेली आहेत. फ्लिंडर्सने दोन मजेशीर गोष्टी नोंदवून ठेवल्या आहेत. इंग्रजांच्या होडीत डुकरे पाहून हे लोक दचकले. मात्र पोर्ट वाइनला त्यांची काही हरकत नव्हती, उलट जाताना त्यांनी एक बाटली मागूनही घेतली! तिसरी नोंद मला सर्वांत महत्त्वाची वाटते. या देशात गोऱ्यांची एक वसाहत आहे, हे पोबासूला तोवर माहीतच नव्हते. ‘पोर्ट जॅक्सन’, म्हणजे आजचे सिडनी, हे नाव ऐकताच त्याच्या मुलाने ते आपल्या लिपीत, डावीकडून उजवीकडे, टिपून घेतले.

जग ज्याला ‘शोधक’ म्हणते, त्या माणसाची बातमी इथे एक मकासरी पोरगा टिपून घेत होता.

याच ‘इन्व्हेस्टिगेटर’वर बुंगारी नावाचा सिडनीकडचा एक मूलनिवासी पुरुषही होता. ऑस्ट्रेलियाला प्रदक्षिणा घालणारा तो पहिला ज्ञात ॲबोरिजिनल माणूस. इंग्रज, मकासरी आणि मूलनिवासी असे तीन प्रवासी इतिहासाच्या एकाच चौकटीत उभे असताना शाळेच्या पुस्तकात मात्र एकाचेच नाव येते.

ऑस्ट्रेलियाच्या मूलनिवासी संस्कृतीकडे प्रवासी म्हणून जायचे असेल, ती समजून घ्यायची असेल, तर सुरुवात या किनाऱ्यापासून करावी असे मला वाटते. कारण ‘दुसऱ्याच्या देशात कसे जावे’ या प्रश्नाची चांगली आणि वाईट दोन्ही उत्तरे इथे नोंदलेली आहेत.

समुद्रकाकडीचा धंदा

मकासरी खलाशी या भागाला ‘मारेगे’ म्हणत. आजच्या नकाशावर तो आर्नहेम लँड. पश्चिमेकडच्या किंबर्ली किनाऱ्याला त्यांनी ‘कायू जावा’ असे नाव दिले होते. ते येत ते समुद्रकाकडीसाठी. हा समुद्राच्या तळाशी राहणारा, काकडीसारख्या आकाराचा मऊ जीव. मलय भाषेत त्याला ‘त्रिपांग’ म्हणतात. चीनमध्ये ते महागडे पक्वान्न आणि औषधी खाद्य मानले जाते. मकासरचे व्यापारी मोहिमेत पैसे लावत, खलाशी माल काढून वाळवून आणत आणि तो चीनच्या बाजारात जाई.

सगळे गणित वाऱ्यावर होते. डिसेंबरच्या सुमारास वायव्येकडून मोसमी वारे सुरू झाले की शिडे उभारायची आणि दक्षिणेला निघायचे. मार्च-एप्रिलनंतर आग्नेयेकडचे वारे वाहू लागले की परत फिरायचे. ‘मोसम’ हा आपला शब्द अरबी ‘मौसिम’वरून आलेला आहे. हिंदी महासागरातल्या सगळ्या दर्यावर्दींचे पंचांग याच एका शब्दावर चालत असे. मलय भाषेत जहाजाच्या प्रमुखाला ‘नाखोदा’ म्हणतात. कोकणातला ‘नाखवा’ त्याच फारसी शब्दाचे लेकरू. रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या वाचकाला पोबासू परका वाटू नये, एवढे हे सगळे जवळचे आहे.

किनाऱ्यावर उतरल्यावर काम कष्टाचे असे. डुबी मारून जीव वर काढायचे, पोट साफ करायचे, मोठ्या कढयांत उकळायचे, वाळूत पुरायचे, पुन्हा धुऊन खारफुटीच्या सालीबरोबर शिजवायचे आणि शेवटी झोपडीत धुरी देऊन वाळवायचे. या कढयांसाठी रचलेल्या दगडी चुलींच्या रांगा आर्नहेम लँडच्या किनाऱ्यांवर अजूनही दिसतात.

हा धंदा नेमका केव्हा सुरू झाला यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. नियमित मोहिमा अठराव्या शतकात सुरू झाल्या, असे बरेच जण मानतात. पण वेलिंग्टन डोंगररांगेतल्या जुलिरी नावाच्या कातळाश्रयात एका आग्नेय आशियाई गलबताचे चित्र आहे. त्याच्यावर मधमाश्यांच्या मेणाने केलेली एक आकृती आहे. त्या मेणाचे वय तपासल्यावर खालचे चित्र १६६४ च्या आधीचे असल्याचा निष्कर्ष निघाला. कॅप्टन कुक ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर पोहोचला तो १७७० मध्ये.

शब्दांनी केलेला प्रवास

आर्नहेम लँडच्या ईशान्य भागात राहणाऱ्या लोकांना योलंगू म्हणतात. त्यांच्या बोलींत मकासरहून आलेले अनेक शब्द आजही रोजच्या वापरात आहेत. पैशाला ते ‘रुपिया’ म्हणतात. संस्कृत ‘रूप्य’, त्यापासून हिंदुस्थानी ‘रुपया’, पुढे मलय ‘रुपिया’ आणि तिथून योलंगूंच्या तोंडी, असा या शब्दाचा प्रवास आहे. डॉलर चालणाऱ्या देशातल्या एका कोपऱ्यात आपला रुपया अजून जिवंत आहे, हे किती जणांना ठाऊक असेल?

दुसरा शब्द आहे ‘बलांडा’. योलंगू गोऱ्या माणसाला बलांडा म्हणतात. मकासरवर सतराव्या शतकात डचांनी कब्जा केला. पोर्तुगीज ‘ओलांदा’ म्हणजे हॉलंड, त्यावरून मलय ‘बलांदा’ म्हणजे डच. योलंगूंनी इंग्रज पाहण्याआधी गोऱ्यांचे नाव असे ऐकले होते. मराठी वाचकाला हा शब्द कोड्यात टाकणार नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकर व्यापाऱ्यांच्या यादीत ‘वलंदेज’ येतात, ते हेच. वेंगुर्ल्याला त्यांची वखार होती. एकाच व्यापारी कंपनीने आशियाच्या दोन टोकांना दिलेले हे दोन शब्द सख्खे भाऊ आहेत.

‘लिपालिपा’ म्हणजे एकाच ओंडक्यातून कोरलेली होडी, ‘जामा’ म्हणजे काम. कोरीव होडी आणि लोखंडी कुऱ्हाड हाती आल्यावर योलंगूंना खोल पाण्यातले डुगाँग आणि कासव यांची शिकार सोपी झाली. भाषा घेणारे लोक त्यासोबत हुन्नरही घेतात आणि तो आपल्या पद्धतीने वापरतात. योलंगूंनी होडी घेतली, पण आपली गाणी, आपली कुळे, आपली जमीन सोडली नाही.

त्यांच्या किनाऱ्यांवर चिंचेची झाडे आहेत. खलाशांनी सोबत आणलेल्या चिंचेच्या चिंचोक्यांतून ती उगवली. अरबांनी या फळाला ‘तमर हिंदी’, म्हणजे हिंदुस्थानचे खजूर, असे नाव दिले आणि त्यावरून इंग्रजी शब्द बनला. किनाऱ्यावर जुनी चिंच दिसली की इथे कधीकाळी मकासरी तळ होता असे समजावे, इतकी ही खूण पक्की मानली जाते.

अल्लाह तआला आणि वालिथा-वालिथा

आता त्या मुद्द्याकडे येऊ, जो सोशल मीडियावर सर्वाधिक फिरतो. मानववंशशास्त्रज्ञ इयान मॅकिन्टॉश यांनी एल्को बेटावरच्या योलंगू वडीलधाऱ्यांकडून ‘वालिथा-वालिथा’ या नावाची माहिती नोंदवली. वारामिरी कुळाच्या काही मृत्युविधींत हे नाव येते. त्यांच्या मते ते ‘अल्लाह तआला’ या शब्दांवरून आले असावे. विधीत गलबताच्या डोलकाठीचे प्रतीक येते, प्रार्थनेच्या आठवणी सांगणारे हावभाव येतात. मकासरच्या राजाने १६०५ मध्ये इस्लाम स्वीकारला होता आणि खलाशी आपल्या मेलेल्या सोबत्यांना याच किनाऱ्यावर दफन करत. ते विधी योलंगूंनी पाहिले असणार.

यावरून ‘ऑस्ट्रेलियाचे मूलनिवासी मुळात मुस्लीम होते’ असे मजकूर आपल्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतात. ते खोटे आहे. मॅकिन्टॉश यांनीच स्पष्ट केले आहे की योलंगूंनी धर्मांतर केले नव्हते. त्यांनी परक्याच्या श्रद्धेतला एक अंश घेतला आणि आपल्या विश्वात त्याला आपल्या पद्धतीने जागा दिली. खलाशीही धर्मप्रचाराला आले नव्हते, ते पोटासाठी आलेले कष्टकरी होते.

मला वाटते, मुस्लीम वाचकाने इथे थोडे थांबावे. आपला समाज इतिहासात आपली जागा शोधत असतो. ‘तुम्ही बाहेरचे’ हे सतत ऐकणाऱ्याला ‘कुकच्या आधी आम्ही पोहोचलो’ हे वाक्य सुखावते. पण या वाक्यात तीच चूक दडलेली आहे जी इंग्रजांनी केली. कोण आधी ‘पोहोचले’ हा प्रश्न विचारताच तिथे आधीपासून असलेले लोक चित्रातून गायब होतात. ऑस्ट्रेलियात माणसाचा वावर किमान ५० हजार वर्षांचा आहे. १७८८ मध्ये तिथे अडीचशेहून अधिक भाषा बोलल्या जात होत्या. त्या हिशेबाने मकासरी आणि इंग्रज दोघेही कालचेच. फरक आहे तो दोघे कसे वागले यात.

गोडवा आणि कडवटपणा

मकासरींना देवदूत ठरवायचेही कारण नाही. पोबासूने फ्लिंडर्सला सांगितले होते की किनाऱ्यावरच्या लोकांपासून सावध राहा. त्याच्या स्वतःच्या गुडघ्यात एकदा भाला लागला होता. देण्याघेण्यावरून आणि स्त्रियांवरून तंटे होत, खून पडत. तंबाखू आणि दारू याच मार्गाने आली. देवीची साथही त्यांच्यामार्फत उत्तर किनाऱ्यावर पोहोचली असावी, असे काही अभ्यासक मानतात.

पण एक व्यवस्था होती. खलाशी कापड, तांदूळ, लोखंडी हत्यारे, तंबाखू देत. मूलनिवासी कासवाची पाठ, शिंपले आणि आपले श्रम देत. जे नाखवे वर्षानुवर्षे येत त्यांचे ठरावीक किनाऱ्यांशी आणि कुळांशी नाते जडे. काही योलंगू त्यांच्यासोबत मकासरला जाऊन आले, काही तिथेच राहिले. शेवटच्या नाखव्यांपैकी एक, उसिंग दाएंग रांका, याची योलंगू पत्नीपासून झालेली मुले आर्नहेम लँडमध्ये होती. आणि हंगाम संपला, वारा फिरला की पाहुणे निघून जात. त्यांनी जमिनीवर कुंपण घातले नाही.

योलंगू समाजात नात्यांच्या जाळ्याला ‘गुरुटू’ म्हणतात. माणसे, कुळे, प्राणी, वारे, पाणी, जमीन, सगळे एकमेकांशी नात्याने बांधलेले असतात. सगळ्या सृष्टीची दोन अर्धांत वाटणी आहे, धुवा आणि यिरिच्चा. आपल्याकडे काका आणि मामा यांच्यातला फरक सांगायला इंग्रजीला शब्द सापडत नाही. गुरुटू त्याहूनही बारीक आहे. म्हणूनच बाहेरून आलेल्या माणसाला ते आधी नात्यात कुठेतरी बसवतात. तो कुणाचा तरी भाऊ होतो, कुणाचा तरी भाचा. मग त्याने कुणाशी कसे बोलायचे, कुणाला काय द्यायचे हे ठरते. परक्याला सामावून घेण्याची ही पद्धत आहे. यात परका मालक होत नाही आणि शत्रूही राहत नाही. ‘आतले’ आणि ‘बाहेरचे’ या दोनच खणांत माणसे कोंबणाऱ्या आपल्या राजकारणाने या तिसऱ्या शक्यतेकडे जरूर बघावे.

कर, परवाना आणि बंदी

हे सगळे वाऱ्याने थांबवले नाही, सरकारने थांबवले. उत्तर प्रांत तेव्हा साउथ ऑस्ट्रेलिया वसाहतीच्या ताब्यात होता. १८८० च्या दशकात मकासरी गलबतांवर जकात आणि परवाना लागू झाला. १९०१ मध्ये ऑस्ट्रेलियाचे संघराज्य झाले आणि ‘गोऱ्यांचा ऑस्ट्रेलिया’ हे उघड धोरण बनले. १९०६ मध्ये परवाने देणे बंद झाले, १९०७ मध्ये शेवटचे गलबत परतले. घरच्या मालकांना कुणी विचारले नाही. किनाऱ्याच्या या टोकाला मुले आणि त्या टोकाला बाप, अशी कुटुंबे तुटली.

पण आठवण तुटली नाही. १९४७ मध्ये यिर्कला येथे योलंगू पुरुषांनी मानववंशशास्त्रज्ञांसाठी कागदावर रंगखडूने चित्रे काढली, त्यांत मकासर बंदराचेही चित्र आहे. व्यापार बंद होऊन ४० वर्षे झाली होती. १९८८ मध्ये ‘हाती मारेगे’, म्हणजे ‘मारेगेचे हृदय’, नावाचे जुन्या धर्तीचे गलबत मकासरहून आर्नहेम लँडला आले. दोन्ही बाजूंच्या वंशजांनी एकमेकांना शोधून काढले.

मधल्या काळात त्याच समुद्रकाकडीसाठी दुसरे लोक आले आणि वेगळे वागले. १९३२ मध्ये कॅलेडन उपसागराच्या किनाऱ्यावर योलंगूंनी पाच जपानी खलाशांना मारले. स्त्रियांशी झालेले गैरवर्तन हे त्यामागचे कारण सांगितले जाते. पुढे दोन गोरे आणि तपासाला गेलेला एक पोलीसही मारला गेला. ‘धडा शिकवण्यासाठी’ सशस्त्र तुकडी पाठवावी, अशी मागणी झाली. अशा तुकड्यांनी याआधी काय केले होते हे ठाऊक असलेल्यांनी तिला कडाडून विरोध केला आणि ती रद्द झाली. पोलिसाच्या खुनाबद्दल धाकियार या योलंगू पुरुषाला डार्विनच्या न्यायालयाने फाशी सुनावली. १९३४ मध्ये हायकोर्टाने, म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, ती शिक्षा रद्द केली. सुटकेनंतर तो घरी पोहोचलाच नाही. त्याचे काय झाले हे आजवर उघड झालेले नाही.

१९३५ मध्ये डोनाल्ड थॉमसन हा तरुण मानववंशशास्त्रज्ञ तिथे गेला. त्याने लोकांसोबत राहून भाषा शिकली, हजारो छायाचित्रे काढली, देवाणघेवाणीचे नियम लिहून ठेवले आणि सरकारला सांगितले की हे लोक रानटी नाहीत, त्यांना कायदा आहे. दलदलीतल्या होड्यांचे त्याने काढलेले एक छायाचित्र पुढे २००६ च्या ‘टेन कनूज’ या चित्रपटाचे बीज ठरले. पूर्णपणे मूलनिवासी भाषांमध्ये संवाद असलेला तो पहिला ऑस्ट्रेलियन कथापट. आर्नहेम लँडला जाण्याआधी हा चित्रपट पाहावा. एक गोष्ट सांगायला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ घेणाऱ्या माणसांशी त्यातून ओळख होते.

उंटवाले आणि एक न उघडलेले पुस्तक

मकासरींचे जाणे आणि दुसऱ्या मुस्लिमांचे ऑस्ट्रेलियाच्या पोटात शिरणे हे काही दशके सोबतच चालू होते. १८६० मध्ये बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेसाठी कराचीहून २४ उंट आणि त्यांचे राखणदार मेलबर्नला आणले गेले. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. पुढच्या ६० वर्षांत दोन हजारांहून अधिक उंटवाले आले. पठाण, बलुची, सिंधी, पंजाबी, सगळ्यांना ‘अफगाण’ हे एकच नाव पडले. वाळवंटातल्या खाणी, तारेचे खांब, रेल्वे यांचे सामान त्यांनी वाहिले. गोऱ्यांच्या गावांत त्यांची वस्ती रुळांच्या पलीकडे असे. बऱ्याच जणांनी मूलनिवासी स्त्रियांशी संसार केले. खान, मोहम्मद अशी आडनावे असलेली मूलनिवासी कुटुंबे आजही मध्य ऑस्ट्रेलियात आहेत.

ब्रोकन हिल या खाणीच्या गावात त्यांची पत्र्याची मशीद आहे. तिथे एक जुने जाड पुस्तक ‘कुराण’ म्हणून जपलेले होते. इतिहासकार सामिया खातून यांनी ते उघडून पाहिले तर ते बंगाली भाषेतले ‘कसासुल अंबिया’, म्हणजे पैगंबरांच्या कथांचे काव्य निघाले. कलकत्त्यात छापलेले. त्यावरून त्यांनी ‘ऑस्ट्रेलियानामा’ हा ग्रंथ लिहिला. अनेक वर्षे लोक या पुस्तकाला मान देत होते, पण ते वाचत नव्हते. दुसऱ्याच्या संस्कृतीबाबत प्रवाशाचे बहुतेक वेळा असेच होते. आदर असतो, पण पान उलटलेले नसते.

आजच्या प्रवाशाने काय करावे?

सिडनी-मेलबर्नला मुलामुलींकडे जाणारे मराठी आईवडील आता कमी नाहीत. तिथे शाळेच्या कार्यक्रमाच्या सुरुवातीला ‘ही जमीन अमुक लोकांची आहे’ असे म्हटले जाते, ते त्यांनी ऐकलेले असते. आपण ज्या उपनगरात राहतो तिथल्या मूळ लोकांचे नाव काय, त्यांची भाषा कोणती, हे विचारण्यापासून सुरुवात करता येते. ‘ॲबोरिजिनल संस्कृती’ अशी एकच एक वस्तू नाही. आर्नहेम लँडचा योलंगू आणि मध्य वाळवंटातला अनांगू यांच्यात मराठी आणि तमिळ माणसाइतके अंतर आहे.

दुसरी गोष्ट परवानगीची. १९६३ मध्ये यिर्कलाच्या लोकांनी झाडाच्या सालीवर चित्रे रंगवून, त्यावर आपल्या आणि इंग्रजी भाषेत मजकूर चिकटवून संसदेकडे अर्ज पाठवला. त्यांच्या जमिनीवर न विचारता खाण दिली गेली होती. १९७१ मध्ये न्यायालयात ते हरले. पण त्यातून १९७६ चा जमीन हक्क कायदा आला आणि आर्नहेम लँड मूलनिवासींच्या मालकीचे झाले. म्हणून तिथे जायला परवाना लागतो. नॉर्दर्न लँड कौन्सिल तो देते. नुलुनबाय गावाच्या आसपासच्या किनाऱ्यांसाठी धिमुरू ही योलंगूंची संस्था देते. काही प्रवाशांना याचा राग येतो. स्वतःच्या सोसायटीच्या गेटवर नाव-गाव लिहून घेणाऱ्यांनी खरे तर रागावू नये.

याच परवान्यावर यिर्कलाजवळच्या ‘मकासन बीच’वर जाता येते. तिथे वुर्वुर्वुय नावाच्या जागी योलंगूंनी जमिनीवर दगड मांडून गलबते, होड्या, समुद्रकाकडी शिजवायच्या चुली यांची चित्रे रेखली आहेत. गलबताच्या आतले कप्पेसुद्धा दाखवले आहेत, म्हणजे मांडणाऱ्याने ते आतून पाहिले होते. २०१३ पासून हे स्थळ ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वारसा यादीत आहे. मुस्लीम खलाशांचे हे स्मारक त्यांच्या यजमानांनी आपल्या हातांनी मांडले आहे. मला माहीत असलेल्या स्मारकांत इतके साधे आणि इतके मोलाचे दुसरे नाही.

तिसरी गोष्ट ‘नाही’ ऐकण्याची. उलुरू हा मध्य ऑस्ट्रेलियातला तांबडा महाकाय खडक अनांगू लोकांना पवित्र आहे. २६ ऑक्टोबर १९८५ रोजी तो त्यांना परत मिळाला. ‘कृपया वर चढू नका’ अशी विनंती त्यांनी पायथ्याशी लावली होती, तरी माणसे रांगा लावून चढत राहिली. अनांगू त्यांना ‘मिंगा’ म्हणत, मुंग्या. शेवटी २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढाई बंद झाली. बंदीच्या आधीच्या महिन्यांत तर चढणाऱ्यांची झुंबड उडाली. त्यांनी खडक पायाखाली घातला. त्याबद्दल त्यांना काय कळले, हा वेगळा प्रश्न.

काही कथा फक्त स्त्रियांसाठी असतात, काही फक्त दीक्षा घेतलेल्या पुरुषांसाठी. काही जागांचे फोटो काढायचे नसतात. अनेक समाजांत नुकत्याच मरण पावलेल्या माणसाचे नाव उच्चारत नाहीत, त्याचे छायाचित्र दाखवत नाहीत. म्हणून तिथल्या पुस्तकांच्या आणि चित्रपटांच्या सुरुवातीला तशी सूचना असते. प्रत्येक गोष्ट आपल्याला सांगितलीच पाहिजे, असा प्रवाशाचा हक्क नसतो. मशिदीत चप्पल काढून शिरणाऱ्याला आणि देवळाच्या गाभाऱ्याबाहेर थांबणाऱ्याला हे वेगळे शिकवायला नको.

डेली नदीकाठच्या मिरियम-रोझ उंगनमर-बाउमन या वडीलधाऱ्या शिक्षिकेने ‘दादिरी’ हा शब्द जगाला दिला. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ खोलवर, शांतपणे ऐकणे. प्रश्नांची सरबत्ती न करता बसून राहायचे, पाहायचे, वाट पाहायची. चार दिवसांच्या सहलीत हे जमणार नाही. पण निदान एक सकाळ, मार्गदर्शक गप्प असेल तेव्हा आपणही गप्प बसणे जमू शकते.

२००८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने ब्लू मड बे खटल्यात निकाल दिला की उत्तर प्रांतात मूलनिवासी जमिनीला लागून भरती-ओहोटीच्या पट्ट्यात येणाऱ्या पाण्यावरही त्या जमिनीच्या मालकांचा हक्क आहे. तिथे मासेमारी करायची तर त्यांना विचारावे लागेल. समुद्रकाकडी ज्या उथळ पाण्यात सापडते, तेच हे पाणी. योलंगूंना जे नेहमीच ठाऊक होते ते न्यायालयाला समजायला १९०७ नंतर शंभर वर्षे लागली.

पोबासूच्या माणसांना हा कायदा कुणी लिहून दिला नव्हता. वारा फिरेपर्यंत थांबायचे, द्यायचे-घ्यायचे आणि परतायचे, एवढे त्यांना कळत होते. त्यांनी सोडलेल्या चिंचोक्यांची आता मोठी झाडे झाली आहेत, आणि त्यांच्या सावलीत बसणारे लोक अजूनही त्यांची नावे घेतात. प्रवाशाला याहून मोठा मान तरी कोणता मिळायचा?